बाईची चटणी

कोल्हापूरच्या बाजूला कांदा-लसूण मसाल्याला मसाला म्हणत नाहीत, चटणी म्हणतात. उन्हाळा लागला की अंगणात आणि गच्चीवर लाल मिरच्या वाळत पडतात, खोबरे, तीळ, धणे, कांदा, लसूण भाजून-तळून तयार होतात आणि घरोघरच्या बाया डबे घेऊन डंकावर नंबर लावतात. ज्या घरांत वर्षाची चटणी करायला माणसे किंवा सवड उरलेली नाही, तिथे पाकिटातली चटणी येते. अशा पाकिटांची वेष्टने तयार करणे हा माझा व्यवसाय आहे. उपयोजित कलेचे शिक्षण संपल्यापासून मी मसाले, लोणची, पापड, गूळ आणि उदबत्त्या विकणाऱ्या लहान उद्योगांसाठी लेबले, पाकिटे आणि जाहिराती करत आले आहे. ब्रँडिंगविषयी लिहायचे तर माझ्या हातून घडलेल्या एका चुकीपासून सुरुवात केली पाहिजे, कारण या विषयातले जे थोडेफार मला खरोखर उमगले आहे, ते त्या चुकीतूनच उमगले.

चटणीचा व्यवसाय करणारे ते एक घर होते. दुसरी पिढी नुकतीच कारभार पाहू लागली होती. त्यांचे पाकीट गडद लाल रंगाचे होते. त्याच्या मधोमध पिवळे वर्तुळ होते आणि वर्तुळात हिरव्या काठाचे लुगडे नेसलेली, उखळात मुसळ घालणारी एक बाई होती. ते चित्र पंचवीस वर्षांपूर्वी गावातल्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने काढले होते. बाईचा डावा हात उजव्यापेक्षा स्पष्टपणे लांब होता, उखळ एका बाजूला कलल्यासारखे दिसत होते आणि खालची अक्षरे इतकी जाड होती की ती एकमेकांना चिकटली होती. धाकट्या मालकांना हे पाकीट जुनाट वाटू लागले होते. मलाही तो हात वर्षानुवर्षे खुपत होता, त्यामुळे त्यांनी नवे पाकीट करायला सांगितले तेव्हा मी ते काम मनापासून केले. हस्तिदंती पांढरी पार्श्वभूमी, एका रेषेत काढलेली मिरची, नाजूक अक्षरे आणि चहूबाजूंनी भरपूर मोकळी जागा असे ते पाकीट होते. बैठकीत ते सर्वांना आवडले. छपाईचे जुने सिलिंडर, म्हणजे पाकिटावरचे चित्र कोरलेले रूळ, बाजूला ठेवून नवे सिलिंडर तयार झाले आणि नवा माल बाजारात गेला.

दोन महिन्यांत वितरकांच्या तक्रारी सुरू झाल्या की माल उठत नाही. चटणीत चिमूटभरही फरक केलेला नव्हता. मिरची तीच होती, कांडप तेच होते आणि किंमतही तीच होती. अखेर त्यांच्या सेल्समनबरोबर गाडीत बसून मी एका तालुक्याच्या गावी, आठवडी बाजाराच्या दिवशी, किराणा दुकानात जाऊन उभी राहिले.

दुपारी बाराच्या सुमारास एक वयस्कर बाई आल्या. त्यांनी फळीवरून नजर फिरवली आणि विचारले, "दादा, बाईची चटणी संपली व्हय?"

दुकानदार म्हणाले, "हाय की मावशी. ही बघा, पाकीट बदललंय."

त्यांनी पाकीट हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले, नाकाशी नेले आणि अंगठ्याने दाबून पाहिले. मग अतिशय शांतपणे ते परत फळीवर ठेवत त्या म्हणाल्या, "ही ती न्हवं. नकली असंल." आणि शेजारचे दुसऱ्याच कोणाचे तरी लाल पाकीट उचलून पिशवीत टाकले.

मी दिवसभर तिथे उभी होते. पाच-सहा गिऱ्हाइकांच्या बाबतीत थोड्याफार फरकाने हेच घडले. "बाईची चटणी" हे शब्द त्या पाकिटावर कधीही छापलेले नव्हते, हे मला संध्याकाळी परतताना जाणवले. पाकिटावर त्या घराण्याचे आडनाव होते आणि ते पंचवीस वर्षांत बहुधा फार थोड्यांनी वाचले होते. लोकांनी त्या मालाला आपल्यापुरते नाव दिले होते, ते नाव एका चित्रावर उभे होते आणि मी ते चित्रच काढून टाकले होते.

ब्रँडला आपल्याकडे नाममुद्रा असा एक सुंदर शब्द आहे. मुद्रा म्हणजे शिक्का आणि मुद्रा म्हणजे चेहऱ्यावरचा भावसुद्धा. हे दोन्ही अर्थ इथे लागू पडतात. आपण ओळखीचा माणूस दुरून येताना पाहतो, तेव्हा त्याचे नाक, डोळे आणि कपाळ स्वतंत्रपणे तपासत नाही. त्याची चाल, उंची, खांद्याचा कल पाहूनच ओळख पटते. दुकानातल्या फळीकडेही माणूस तसेच पाहतो. तो वाचत नाही, ओळखतो. वाचण्याचे कष्ट तो ओळख पटत नाही तेव्हाच घेतो, आणि ते कष्ट घ्यावे लागले की त्याच्या मनात पहिली शंका उभी राहते.

या ओळखीचा आणि आवडीचा संबंध किती जवळचा आहे, हे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी 1968 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले. त्यातल्या एका प्रयोगात चिनी भाषा न जाणणाऱ्या विद्यार्थ्यांना चिनी अक्षरांसारख्या आकृत्या दाखवल्या गेल्या. काही एक-दोन वेळा, तर काही 25 वेळांपर्यंत. नंतर त्यांना प्रत्येक आकृतीचा अर्थ चांगला असेल की वाईट, याचा अंदाज करायला सांगितले, तेव्हा अधिक वेळा दिसलेल्या आकृत्यांचा अर्थ चांगला असेल, असाच त्यांचा कल दिसला. आकृतीविषयी कोणतीही माहिती मिळालेली नसताना, केवळ ती वारंवार डोळ्यांसमोरून गेली म्हणून तिच्याविषयी बरे मत तयार झाले. आमच्या पाकिटावरची ती लांब हाताची बाई लोकांच्या डोळ्यांसमोरून पंचवीस वर्षे गेली होती. चित्रकलेच्या वर्गात नापास होईल असे ते चित्र त्या भागातल्या स्वयंपाकघरांत विश्वासाचे माणूस होऊन बसले होते.

माझ्या बाजूनेही त्या वेळी एक युक्तिवाद होता आणि तो अगदीच निराधार नव्हता. हेडविग फॉन रेस्टोर्फ या जर्मन मानसशास्त्रज्ञ महिलेने 1933 साली दाखवून दिले होते की सारख्या गोष्टींच्या मालिकेत एखादी वेगळी गोष्ट असेल तर ती अधिक लक्षात राहते. सगळी पाकिटे लाल असताना आपले पांढरे ठेवले तर ते उठून दिसेल, असे मी बैठकीत सांगितले होते. ते उठून दिसलेच. पण उठून दिसणे वेगळे आणि ओळखीचे वाटणे वेगळे. बाजारात नव्याने उतरणाऱ्या मालाला आधी नजरेत भरावे लागते, कारण त्याच्याजवळ गमावण्यासारखी ओळख नसते. जुन्या मालाने तोच मार्ग धरला, तर तो लोकांच्या नजरेत भरतो खरा, परंतु परका म्हणून भरतो. हा फरक मी तेव्हा केला नाही.

आणि चटणीसारख्या वस्तूच्या बाबतीत परकेपणाची किंमत फार मोठी असते. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली मांडलेल्या सिद्धान्ताचा एक गाभा असा आहे की माणसाला तेवढ्याच मापाच्या लाभाचा जितका आनंद होतो, त्यापेक्षा तोटा अधिक बोचतो. हे वाक्य पुस्तकात वाचताना कोरडे वाटते, म्हणून ते त्या मावशींच्या जागी उभे राहून पाहिले पाहिजे. घरात सात माणसे आहेत, रात्री पाहुणे येणार आहेत, मटण आणलेले आहे. नवी चटणी जुनीपेक्षा थोडी बरी निघाली, तर रस्सा थोडा बरा होईल आणि कदाचित कोणी तसे म्हणणारही नाही. ती भेसळीची किंवा कडवट निघाली, तर मटण वाया जाईल, पाहुण्यांसमोर मान खाली जाईल आणि सासरच्या माणसांत वर्षभर त्याची आठवण निघेल. पन्नास रुपयांच्या पाकिटावर त्या बाईंनी त्या दिवशी घरची सगळी पत पणाला लावलेली असते. अशा माणसाने अनोळखी पाकीट खाली ठेवले, तर त्याला गिऱ्हाइकाचा अडाणीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. जाहिरातीच्या व्यवसायात "ग्राहक भावनेच्या भरात निर्णय घेतो" असे सर्रास बोलले जाते. मला त्या मावशींचा निर्णय अत्यंत विचारी वाटला. त्यांच्याजवळ मालाची शुद्धता तपासण्याचे एकच साधन होते, ते म्हणजे ओळख, आणि त्यांनी ते काटेकोरपणे वापरले.

मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेले नाही. अमेरिकेत 2009 च्या जानेवारीत ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाच्या खोक्यावरचे, स्ट्रॉ खोचलेल्या संत्र्याचे चित्र काढून त्या जागी रसाने भरलेला पेला आला. रस तोच होता, पण विक्री सुमारे 20 टक्क्यांनी घसरली आणि दोन महिन्यांच्या आत जुने खोके परत आणावे लागले. त्याआधी 1985 साली कोका-कोलाने आपल्या पेयाची चवच बदलली. सुमारे दोन लाख लोकांनी चाखून पाहिल्यावर, नवी चव अधिक आवडते असा निष्कर्ष हाती असताना हा निर्णय झाला होता, तरीही लोकांचा संताप इतका वाढला की 79 दिवसांत जुने पेय परत आणत असल्याची घोषणा करावी लागली. त्या चाचण्यांचा भर जिभेवर होता. जिभेला काय आवडते हे विचारता येते. आठवणींतून काय काढून घेतलेले चालेल, हे दोन घोट पाजून कळत नाही.

मग सर्जनशीलतेला या कामात जागा कुठे उरते, असा प्रश्न मला पुढचे काही महिने छळत राहिला. सगळेच जसेच्या तसे ठेवायचे असेल तर चित्रकाराची गरजच काय? याचे उत्तर मला मुंबईच्या फलकांवर मिळाले. अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली, निळ्या केसांची मुलगी 1966 साली सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस यांनी घडवली. तिचा फ्रॉक, तिची केसांची शेंडी, तिचे गाल इतकी वर्षे तसेच आहेत. तिच्या तोंडची ओळ मात्र सतत बदलते. कधी क्रिकेट, कधी निवडणूक, कधी एखाद्या थोर व्यक्तीचे निधन, जे काही गावात बोलले जात असेल त्यावर ती बोलते. रूप स्थिर असल्यामुळे ओळख पटायला क्षणही लागत नाही, आणि ओळ नवी असल्यामुळे थांबून पाहावेसे वाटते.

आपल्याकडे हे गुपित जात्यावर बसणाऱ्या बायांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. "पहिली माझी ओवी" अशी सुरुवात ठरलेली, चाल ठरलेली, जात्याच्या फेऱ्याचा ठेकाही ठरलेला. आणि त्या ठरलेल्या घाटात प्रत्येक पहाटे माहेरचा निरोप, भावाची वाट, विठ्ठलाचे रूप असे नवे काही येत राही. ओवीचा घाट मोडून नवेपणा आणण्याची गरज त्यांना भासली नाही. माझ्या व्यवसायातली सर्जनशीलता बहुतांशी याच जातीची आहे, असे माझे मत झाले आहे. घाट कोणता, हे ओळखायला खरी प्रतिभा लागते आणि ते एकदा ओळखले की त्याच्या आत वाटेल तेवढे खेळता येते.

घाट कोणता, हे चुकीचे ओळखण्याची शक्यता नेहमीच असते, कारण मालकाला नाव महत्त्वाचे वाटते. पारलेचे उदाहरण या दृष्टीने मला फार बोलके वाटते. विलेपार्ले या उपनगरावरून नाव घेतलेल्या या कंपनीचे बिस्किट आधी पारले ग्लुको या नावाने विकले जात असे. ग्लुकोज बिस्किटे इतरांनीही काढली आणि दुकानात नुसते "ग्लुकोज बिस्किट द्या" म्हटले की कोणाचाही पुडा हातात पडू लागला, तेव्हा 1980 च्या दशकात त्याचे पारले-जी झाले. नाव बदलले, पुढे मेणकागद जाऊन प्लास्टिक आले, पण पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरची ती लहान मुलगी हलली नाही. ती कोण्या खऱ्या मुलीचे छायाचित्र नाही. 1960 च्या दशकात एव्हरेस्ट या जाहिरातसंस्थेतील मगनलाल दैया यांनी ती रेखाटली होती. तरीही ती अमक्या गावची, आता तिचे वय इतके झाले, अशा वावड्या वर्षानुवर्षे उठत राहिल्या. ज्या चित्राला लोक गाव आणि वय देतात, ते चित्र हाच त्या मालाचा घाट असतो.

एखादी मुद्रा काढून टाकावीच लागते, अशी वेळही येते. एशियन पेंट्सचा गट्टू, हातात ब्रश आणि रंगाचा डबा घेतलेला तो खट्याळ मुलगा, 1954 साली आर. के. लक्ष्मण यांनी काढला आणि 2002 साली तो निवृत्त झाला. गट्टू रंगाच्या डब्याचा सोबती होता, आणि कंपनी डब्याऐवजी घराच्या सजावटीविषयी बोलू लागली होती. विकायची गोष्टच बदलली असेल, तर मुद्रा बदलणे प्रामाणिकपणाचे ठरते. आमच्या चटणीत असे काहीच बदलले नव्हते. कंटाळा फक्त आम्हाला आला होता. मालक आपले पाकीट रोज हजारांनी पाहतो, चित्रकार ते पडद्यावर मोठे करून आठवडे-आठवडे पाहतो, आणि गिऱ्हाईक महिन्यातून एकदा चार सेकंद पाहते. आम्ही जेव्हा विटतो, तेव्हा त्याची ओळख नुकती कुठे पक्की होत असते.

आम्ही लाल पाकीट परत आणले. छपाईच्या कारखान्याने जुने सिलिंडर मोडीत काढले नव्हते, हे आमचे नशीब. पण पहिल्या खेपेनंतर मी धाकट्या मालकांना सांगितले की सुधारणा करू या, फक्त सावकाश. एकोणिसाव्या शतकात एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने वजनांवर प्रयोग करून दाखवले होते की फरक जाणवणे हे मूळ वजनाच्या प्रमाणात ठरते. तोळ्यात मासाभर वाढले तर हाताला कळते, गुळाच्या ढेपेत ते कळत नाही. नजरेचेही असेच असते. म्हणून पहिल्या वर्षी फक्त अक्षरे मोकळी केली. दुसऱ्या वर्षी वर्तुळाचा पिवळा रंग थोडा उजळला आणि उखळ सरळ केले. कोणीही विचारले नाही, आणि माल पूर्वीसारखा उठू लागला.

याच नियमाचा उपयोग करून पाच रुपयांच्या पुड्यातले वजन थोडे थोडे घटवण्याची रीत बाजारात रुळली आहे, आणि ती मला मनापासून नापसंत आहे. वजन पुड्यावर छापलेले असते हे खरे. पण गिऱ्हाईक वाचत नाही, ओळखते, हे ज्यांना पक्के माहीत आहे, त्यांनी त्या विश्वासाच्या आडून वजन काढून घ्यावे, हे मला पटत नाही. आमच्या धाकट्या मालकांसमोर मिरची महागली त्या वर्षी हा पर्याय आला होता. त्यांनी किंमत चार रुपयांनी वाढवली आणि पाकिटावर, वर्तुळाच्या खाली, तसे स्पष्ट छापले. त्या चार ओळींसाठी जागा काढताना मला झालेले समाधान आजवरच्या कोणत्याही देखण्या कामात झालेले नाही.

दुकानात उभे राहिल्यामुळे आणखी एक गोष्ट माझ्या कामात कायमची आली. लहान पाकिटांच्या माळा दुकानाच्या दाराशी टांगलेल्या असतात. वाऱ्याने त्या पिळवटतात, पाकीट कधी आडवे दिसते, कधी अर्धेच दिसते. अशा वेळी अक्षरे वाचता येत नाहीत, पण वर्तुळ कोणत्याही बाजूने वर्तुळच दिसते. त्या पेंटरने हे ठरवून केले होते की नाही, हे मला सांगता येणार नाही. मी मात्र आता प्रत्येक नमुना छापण्याआधी कार्यालयातल्या फळीवर इतर पाकिटांच्या गर्दीत ठेवते, दहा फूट मागे जाते आणि डोळे किलकिले करून पाहते. जे तेवढ्या अंतरावरून उरते, तेवढेच माझे.

गेल्या महिन्यात नवी अडचण आली आहे. त्यांची चटणी आता मोबाइलवरून घरपोच मागवता येते आणि तिथे पाकिटाचे चित्र अंगठ्याच्या नखाएवढे दिसते. त्या आकारात बाईचे लुगडे, उखळ आणि चेहरा मिळून एक ठिपका होतो. धाकट्या मालकांचे म्हणणे आहे की फक्त बाईचा चेहरा मोठा करावा. मी दोन नमुने केले आहेत, एक त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आणि दुसरा मूळ चित्राच्या बाह्यरेषेवरून. सुधारणेच्या तिसऱ्या टप्प्यात तो लांब डावा हात आखूड करायचे ठरले होते आणि ते अजून झालेले नाही. दुसऱ्या नमुन्यात सगळे पुसट झाल्यावर पिवळ्यावर नेमका तो हात आणि त्यात धरलेले मुसळ तेवढे स्पष्ट उरते. हात सरळ प्रमाणात काढून पाहिला, तर त्या जागी काहीच ओळखू येत नाही. येत्या आठवडी बाजारी दोन्ही नमुने मोबाइलवर घेऊन मी त्याच दुकानात जाणार आहे.